परक्या भूमीवरील सैनिक आणि न्यायाची साक्ष

दिव्य कुरआनच्या सूरह निसामधील १३५ वी आयत श्रद्धावंतांना न्यायावर खंबीरपणे उभे राहण्याची आणि अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा देते. ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी ती द्यायची आहे. समोरचा श्रीमंत आहे की गरीब, हे पाहायचे नाही. सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत हीच आज्ञा दुसऱ्या बाजूने आली आहे. एखाद्या लोकसमूहाविषयीच्या वैरामुळे न्यायाची कास सोडू नका, कारण न्याय हाच ईशभयाच्या अधिक जवळ आहे, असे तेथे बजावले आहे.

या दोन आयती एकत्र वाचल्या म्हणजे न्यायाला धोका कोठून असतो ते समजते. पहिली आयत आपल्याच माणसांविषयीच्या प्रेमाबद्दल सावध करते, तर दुसरी परक्यांविषयीच्या द्वेषाबद्दल. एका राष्ट्राचे सैन्य दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवर तळ ठोकते तेव्हा हे दोन्ही धोके एकाच वेळी उभे राहतात. सैनिकाने गुन्हा केला तर त्याच्या मायदेशाला आपल्या वर्दीची अब्रू झाकावीशी वाटते, आणि पीडितांच्या मनात त्या संपूर्ण राष्ट्राविषयी आग पेटते. अशा वेळी इस्लामची शिकवण काय, हे या लेखात पाहू.

एका पित्याची मागणी

सप्टेंबर २००३ मध्ये इराकमधील बसरा शहर ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होते. १४ सप्टेंबर रोजी सैनिकांनी एका हॉटेलवर छापा घातला आणि तेथील काही माणसांना धरून नेले. त्यांत बहा मूसा हा २६ वर्षांचा स्वागतकक्षातील कर्मचारी होता. त्याच्या पत्नीचे थोड्याच काळापूर्वी निधन झाले होते आणि घरी दोन लहान मुले होती. बहाचे वडील इराकी पोलिसांत कर्नल होते. मुलाची लवकरच सुटका होईल असे एका अधिकाऱ्याने आश्वासन दिले होते, असे त्यांनी पुढे सांगितले. प्रत्यक्षात सुमारे ३६ तासांच्या कोठडीनंतर त्यांच्या हाती मुलाचे शव आले. त्या देहावर ९३ जखमा आढळल्या.

या पित्याने बंदूक उचलली नाही. त्याने न्यायालयाचा रस्ता धरला आणि तो रस्ता लांबचा निघाला. इराकमधील परकीय प्रशासनाने काढलेल्या आदेश क्रमांक १७ मुळे परकीय सैनिकांवर इराकी न्यायालयात खटला चालवता येत नव्हता. ज्या शहरात मुलगा मारला गेला त्या शहराचा न्यायाधीश आरोपींना बोलावूही शकत नव्हता. म्हणून मारणाऱ्यांच्याच देशात जाऊन न्याय मागावा लागला.

ब्रिटनच्या लष्करी न्यायालयात सात जणांवर खटला चालला. त्यांपैकी एका कॉर्पोरलने अमानुष वागणुकीचा गुन्हा कबूल केला. युद्धगुन्ह्याची कबुली देणारा तो पहिला ब्रिटिश सैनिक ठरला. २००७ मध्ये त्याला एक वर्षाची कैद झाली आणि सैन्यातून काढून टाकण्यात आले. इतर सहा जण दोषमुक्त झाले. २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने पीडितांच्या कुटुंबाला आणि त्याच्याबरोबर छळल्या गेलेल्या इतर नऊ जणांना मिळून २८.३ लाख पौंड भरपाई देण्याचे मान्य केले. त्यानंतर न्यायमूर्ती विल्यम गेज यांची सार्वजनिक चौकशी झाली आणि ८ सप्टेंबर २०११ रोजी तिचा अहवाल आला. डोके झाकून ठेवणे, वेदनादायक स्थितीत उभे करणे, झोपू न देणे या पद्धतींवर ब्रिटनने १९७२ मध्येच बंदी घातली होती. तरीही कैद्यांची डोकी झाकली गेली आणि त्यांना तसे उभे केले गेले, हे अहवालाने उघड केले.

त्याच वर्षी ७ जुलै रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बसऱ्यातील इतर मृतांच्या नातलगांच्या दाव्यात निकाल दिला. ब्रिटनने त्या भागात सत्ता गाजवली, म्हणून तेथील लोकांच्या जिवाची जबाबदारीही ब्रिटनवर होती, आणि त्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करणे हे त्याचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने ठरवले. सैनिक जेथे सत्ता घेऊन जातो तेथे उत्तरदायित्वही त्याच्याबरोबर जाते, हे तत्त्व मान्य होण्यास आठ वर्षे लागली.

कराराची भिंत

हा प्रश्न केवळ युद्धभूमीचा नाही. मित्रराष्ट्राच्या भूमीवर तळ असला तरी सैनिकांचा दर्जा ठरवणारे करार केले जातात. १९५१ चा नाटो करार याचा नमुना मानला जातो. सैनिकाने कर्तव्यावर असताना केलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा पहिला हक्क पाठवणाऱ्या देशाला असतो. कर्तव्याबाहेरील गुन्ह्यांपैकी बहुतेकांत तो यजमान देशाला असतो. नियम वरवर पाहता रास्त दिसतो, पण आरोपी कोणाच्या ताब्यात राहणार येथे तो अडतो.

सप्टेंबर १९९५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला. अपराध कर्तव्याबाहेरचा होता, तरी आरोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपी अमेरिकी तळावरच राहिले. करार तसाच होता. ऑक्टोबरमध्ये बेटावर सुमारे ८५,००० लोक सभेसाठी जमले. मार्च १९९६ मध्ये जपानी न्यायालयाने तिघांना साडेसहा ते सात वर्षांच्या शिक्षा दिल्या. खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आरोपपत्रापूर्वीही ताबा देण्याच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करू, असे अमेरिकेने मान्य केले. शांततेने पण एकजुटीने मागितलेल्या न्यायामुळे भिंतीला एक दार पडले. मात्र त्या दाराची किल्ली अजूनही बलवानाच्याच हाती आहे, कारण विनंती मान्य करायची की नाही हे तोच ठरवतो.

बनू जझीमाची घटना

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनाकडे वळू. हिजरी ८ मध्ये मक्काविजयानंतर प्रेषितांनी (स.) ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांना एका तुकडीसह बनू जझीमा या टोळीकडे पाठवले. त्यांना इस्लामचे आवाहन करायचे होते, लढाईची आज्ञा नव्हती. टोळीच्या लोकांनी इस्लाम स्वीकारल्याचे सांगितले, पण त्यासाठी रूढ शब्द न वापरता जुना धर्म सोडल्याचा अर्थ देणारा शब्द वापरला. ह. खालिद (रजि.) यांनी तो ग्राह्य मानला नाही. काही लोक मारले गेले, काहींना कैद झाली. पुढे प्रत्येकाने आपला कैदी ठार करावा असा हुकूम निघाला, तेव्हा ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी आपण आणि आपले सोबती तसे करणार नाही असे ठामपणे सांगितले.

ही वार्ता प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचली. सहीह बुखारीतील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) दोन्ही हात उंचावले आणि खालिद यांनी जे केले त्यापासून आपण मुक्त असल्याचे अल्लाहसमोर दोनदा निवेदन केले. इब्ने इस्हाक यांच्या सीरत ग्रंथात पुढचा भाग आहे. प्रेषितांनी (स.) ह. अली (रजि.) यांना धन देऊन त्या टोळीकडे पाठवले. त्यांनी प्रत्येक मृताचे रक्तमूल्य, म्हणजे दियत, चुकती केली. मालमत्तेचे नुकसान इतक्या बारकाईने भरून दिले की कुत्र्याला पाणी पाजण्याच्या भांड्याचीही किंमत दिली. सर्व देणी फिटल्यावर काही धन उरले. कोणाला ठाऊक नसलेले एखादे नुकसान राहून गेले असेल, म्हणून तेही त्यांनी त्याच लोकांना देऊन टाकले. हे ऐकून प्रेषितांनी (स.) त्यांनी योग्य केले असे सांगितले.

या घटनेतील चार गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, अन्यायाला अन्याय म्हटले गेले, आणि तेही उघडपणे. सेनापती मोठा आहे, नुकताच विजय मिळाला आहे, शत्रू याचा फायदा घेतील, असा कोणताही विचार आड आला नाही.

दुसरी, पीडितांना न्याय मागायला मदीनेपर्यंत यावे लागले नाही. न्याय स्वतः चालत त्यांच्या दारी गेला. बसऱ्याच्या पित्याला जो प्रवास करावा लागला त्याच्या हे अगदी उलट आहे.

तिसरी, भरपाई उपकार म्हणून दिली गेली नाही, ऋण म्हणून फेडली गेली. म्हणूनच हिशेबात शंका उरली तेव्हा तिचा लाभ पीडितांना मिळाला.

चौथी, आज्ञा मिळाली म्हणून हात रक्ताने माखणे ह. इब्ने उमर (रजि.) यांना मान्य नव्हते. वरिष्ठाची आज्ञा ही निरपराधाच्या रक्ताची सबब ठरत नाही.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. ह. खालिद (रजि.) यांच्यावर किसास का लागू झाला नाही? विद्वानांचे उत्तर असे की, ही हत्या निरपराध समजून जाणूनबुजून केलेली नव्हती. शब्दाचा अर्थ लावण्यात झालेली ती चूक होती. सूरह निसाच्या ९२ व ९३ या आयतींनी चुकून झालेली हत्या आणि हेतुपुरस्सर केलेली हत्या यांत स्पष्ट फरक केला आहे. चुकीसाठी दियत आणि प्रायश्चित्त आहे, हेतूसाठी जहन्नमची ताकीद आहे. एका थोर सहाबींविषयी आपल्या मनात अनादर नसावा. पण आदरापोटी घटना झाकायचीही नाही, कारण ती प्रेषितांनीच (स.) झाकली नाही. कोठडीत हात बांधलेल्या माणसाला ३६ तास मारहाण करणे हे मात्र कोणत्याही अर्थाने शब्दाच्या गैरसमजातून घडलेले नसते.

सैन्यापेक्षा न्यायालय मोठे

ह. उमर (रजि.) आपल्या अधिकाऱ्यांविषयी लोकांना सांगत की, हे अधिकारी तुमची कातडी सोलायला किंवा तुमचे धन हिरावून घ्यायला पाठवलेले नाहीत, कोणावर अत्याचार झाला तर त्याने तक्रार करावी, अधिकाऱ्याकडून बदला घेऊन दिला जाईल.

ह. उमर बिन अब्दुल अझीझ (रह.) यांच्या काळातील समरकंदची घटना बलाझुरी यांनी नोंदवली आहे. सेनापती कुतैबा यांनी आपले शहर विश्वासघाताने घेतले आणि तेथे सैन्य वसवले, अशी तक्रार समरकंदच्या लोकांनी केली. खलिफांनी न्यायाधीश नेमण्याचा हुकूम दिला. न्यायाधीश जुमय बिन हाजिर यांनी तक्रारदारांच्या बाजूने निकाल दिला: मुस्लिमांनी शहराबाहेर पडावे आणि नंतर बरोबरीच्या अटींवर तह किंवा युद्ध ठरावे. हे ऐकून शहरवासीयांनी पुन्हा युद्ध नको म्हणून आहे तीच स्थिती मान्य केली. येथे तक्रारदार मुस्लिम नव्हते, आरोप विजयी मुस्लिम सैन्यावर होता आणि निकाल सैन्याच्या विरुद्ध गेला.

आपला असला तरी

आपल्या इतिहासातील अशा घटना ऐकून अभिमान वाटतो. पण अभिमानापाशी थांबणे पुरेसे नाही, कारण आजचा प्रश्न आजच्या आपल्या साक्षीचा आहे. परक्यांच्या सैनिकांनी अत्याचार केला की आपण बोलतो. मुस्लिम देशाच्या सैन्याने केला तर?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. आक्रमक मुस्लिम होते आणि आक्रमणाखाली भरडले गेलेलेही बहुतांशी मुस्लिमच. कोकणातील अनेक घरांतील कमावती माणसे तेव्हा कुवेतमध्ये होती. कित्येकांनी आयुष्यभराची कमाई मागे टाकून अंगावरच्या कपड्यांनिशी घर गाठले. त्या घरांत याच्या आठवणी अजून निघतात. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग स्थापन केला. त्याने सरकारे आणि कंपन्या यांच्याआधी सामान्य माणसांच्या दाव्यांना प्राधान्य दिले. दावेदारांत घरदार सोडून पळावे लागलेले भारतीय कामगारही होते. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून सुमारे १५ लाख दावेदारांसाठी एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला.

म्हणजे परकीय सैन्याच्या अपराधांची भरपाई मिळू शकते, त्याची यंत्रणा उभी राहू शकते. तीस वर्षे चालणारीही. फरक इतकाच की इराक युद्ध हरला होता. २००३ नंतर ज्यांनी इराकमध्ये सैन्य नेले त्यांच्यासाठी असा आयोग कोणी नेमला नाही. याच ठिकाणी मखझूम घराण्यातील स्त्रीच्या चोरीची हदीस आठवते. तिला सोडवण्यासाठी शिफारस आली तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, पूर्वीची राष्ट्रे नष्ट झाली ती याचमुळे की त्यांच्यातील प्रतिष्ठिताने चोरी केली तर ते त्याला सोडत आणि दुर्बलाने केली तर शिक्षा करत. आपली कन्या फातिमा असती तरी तिलाही सूट मिळाली नसती, असे त्यांनी स्पष्ट केले.

सूरह निसाच्या १०५ ते ११२ या आयती याच संदर्भात वाचाव्यात. अनेक तफ्सीरकारांनी त्यांची पार्श्वभूमी दिली आहे. मदीनेत एका मुस्लिम घराण्यातील माणसाने चोरी केली आणि आळ एका ज्यू माणसावर ढकलला. त्याचे भाईबंद त्याच्या बाजूने बोलू लागले. अल्लाहने या आयती अवतरित करून निरपराधाला मुक्त केले आणि विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई केली. ज्या ग्रंथाने एका गैरमुस्लिमाच्या अब्रूसाठी मुस्लिम चोराला उघडे पाडले, तो ग्रंथ मानणाऱ्यांनी गुन्हेगाराचे नाव पाहून बोलायचे की गप्प बसायचे हे ठरवू नये.

जुलमी असो वा पीडित, आपल्या भावाला मदत करावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. जुलमीला मदत कशी करायची, असे विचारल्यावर त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा त्यांनी केला. सैनिकावर खटला चालवणे हा सैन्याचा अपमान आहे असे ज्यांना वाटते त्यांनी यावर विचार करावा. जो रोखला गेला नाही तो पुन्हा जुलूम करतो आणि आपला परलोक गमावतो.

सूड नव्हे, न्याय

दुसऱ्या बाजूचा धोका आपल्या तरुणांच्या मनाला अधिक जवळचा आहे. मोबाईलवर अत्याचाराची चित्रे पाहून रक्त तापते आणि त्या देशाचा, त्या धर्माचा प्रत्येक माणूस अपराधी वाटू लागतो. कुरआनने हा रस्ता बंद केला आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व सूरह अनआमच्या १६४ व्या आयतीत आहे. सूरह बनी इस्राईलच्या ३३ व्या आयतीत अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला हक्क दिला आहे, पण त्या हक्कातही मर्यादा ओलांडण्याची मनाई आहे. किसास म्हणजे मनाला येईल तो सूड नव्हे. पुराव्याने सिद्ध झालेल्या अपराध्याविरुद्ध न्यायाधीशासमोर मागितलेला तो हक्क आहे. ओकिनावातील सैनिकांना शिक्षा देणारे न्यायालय मुस्लिम नव्हते. बसऱ्याच्या कुटुंबाची बाजू मांडणारे वकील ब्रिटिश होते आणि सत्य उजेडात आणणारा न्यायाधीशही ब्रिटिशच होता. सगळे सारखेच, असे म्हणणे या लोकांवर अन्याय करणारे ठरेल.

मौनाचा अपराध

गेज चौकशीतील एक निष्कर्ष प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे. कैद्यांची अवस्था अनेकांनी पाहिली होती. येणारेजाणारे सैनिक होते, पथकाचा धर्मोपदेशक होता, डॉक्टर होता. परंतु अत्याचाराची खबर देण्याचे नैतिक धैर्य दिसले नाही, असे अहवालाने नमूद केले. त्या डॉक्टरचे नाव पुढे २०१२ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून वगळण्यात आले. मारणारे थोडे होते आणि पाहणारे पुष्कळ.

सूरह बकराच्या २८३ व्या आयतीनुसार साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी असते. ह. इब्ने उमर (रजि.) यांच्यासारखा एक जरी माणूस त्या कोठडीच्या दारात उभा राहिला असता, तर दोन मुले कदाचित अनाथ झाली नसती.

जगातील न्यायालये अपुरी आहेत. एक वर्षाची कैद हे एका जिवाचे मोल नव्हे, हे त्या पित्यालाही ठाऊक होते. तरीही त्याने लढा सोडला नाही, आणि म्हणूनच ९३ जखमांची नोंद आज जगासमोर आहे. प्रेषितांनी (स.) ह. मुआझ (रजि.) यांना अधिकारी म्हणून दूर यमनला पाठवताना पीडिताच्या हाकेचे भय बाळगण्यास सांगितले होते, कारण तिच्यात आणि अल्लाहमध्ये कोणताही पडदा नसतो. परक्या भूमीवर अधिकार घेऊन जाणाऱ्या प्रत्येकासाठी हा उपदेश आहे. तेथे ना करार आड येतो, ना आदेश क्रमांक १७.

परलोकावरील श्रद्धा आपल्याला हातावर हात ठेवून बसायला शिकवत नाही. येथे मागितलेला न्याय अपुरा राहिला तरी मागणाऱ्याची साक्ष अल्लाहकडे नोंदली जाते, हा विश्वास ती देते.

अल्लाह आपल्याला स्वतःच्या विरुद्धही सत्य बोलण्याचे आणि वैऱ्याशीही न्यायाने वागण्याचे बळ देवो. आमीन.

घरातील चर्चेसाठी

१. सूरह निसा १३५ आणि सूरह माइदा ८ या आयती कोणत्या दोन धोक्यांपासून सावध करतात?

२. ह. अली (रजि.) यांनी उरलेले धनही बनू जझीमाला का दिले? आपल्या व्यवहारात कोणाचे देणे शंकास्पद असेल तर आपण काय करतो?

३. शाळेत, कामाच्या ठिकाणी किंवा नात्यात आपल्याच माणसाने दुसऱ्यावर अन्याय केल्याचे आपण पाहिले आहे का? तेव्हा आपण बोललो की गप्प राहिलो?